गिरणीच्या आवारातली गाणी

“बेंजो आहे म्हणाली होतीस ना? मग बटणं कुठं आहेत?”

बाबांचा प्रश्न ऐकला आणि कळलं, की गेले दोन दिवस आम्ही दोघं वेगवेगळ्या वाद्यांबद्दल बोलत होतो. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला बेंजो म्हटलं की गणपतीतली बेंजो पार्टी आठवते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य मूळचं जपानी, पण आपल्या गल्ल्यांनी त्याला पार घरचं करून टाकलंय. इथे समोर मांडवात बसलेल्या पोराच्या मांडीवर होता तो अमेरिकी बँजो, ढोलकीच्या पुडीला लांब दांडी जोडल्यासारखा, पाच तारांचा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी तो या देशात रुजवला, हे मी बाबांना सांगितलं. “हं,” एवढंच म्हणाले. नजर त्या पोराच्या बोटांवरून हलली नाही.

बाबा उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे बोस्टनला आले होते. त्यांना काय दाखवावं याची मोठी यादी मी केली होती. त्यातलं लोवेलचं नाव सगळ्यात खाली होतं, आणि आता वाटतं ते पहिलं असायला हवं होतं.

लोवेल हे बोस्टनच्या वायव्येला, नॉर्थ स्टेशनवरून लोकलनं पाऊण तासावर असलेलं गाव. मेरिमॅक नदीच्या धबधब्याचं पाणी कालव्यांत वळवून त्यावर कापडगिरण्या चालवायच्या, एवढ्यासाठी १८२०च्या दशकात ते वसवलं गेलं. पुढे गिरण्या एकेक करत दक्षिणेतल्या राज्यांत गेल्या, गाव ओस पडलं, आणि १९७८ साली या जुन्या गिरणगावालाच राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जंगलाला मिळतो तसा दर्जा विटांच्या गिरण्यांना, कालव्यांना आणि कामगारांच्या घरांना. इथे दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत लोकसंगीताचा महोत्सव भरतो. अमेरिकेचा राष्ट्रीय लोकमहोत्सव १९३४ मध्ये सेंट लुईसला सुरू झाला आणि तो गावोगाव फिरतो. १९८७ ते १९८९ अशी तीन वर्षं तो लोवेलला होता. तो पुढच्या गावाला गेला, पण लोवेलकरांनी १९९०पासून आपला स्वतःचा महोत्सव चालू ठेवला. तिकीट नाही. स्वयंसेवक बादल्या घेऊन गर्दीतून फिरतात, ज्याला जे द्यायचं ते त्यात टाकायचं. भजनात आरतीचं ताट फिरतं ना, तसंच.

मुख्य मंच जिथे आहे त्या जागेचं नाव बोर्डिंग हाउस पार्क. नाव वाचून बाबा थबकले. “बोर्डिंग म्हणजे कुणाचं?”

गिरणीतल्या मुलींचं. सुरुवातीच्या काळात लोवेलच्या गिरण्यांत बहुतेक कामगार मुलीच होत्या, आसपासच्या शेतकरी घरांतून आलेल्या, बऱ्याचशा अजून विशीतही न पोचलेल्या. त्या कंपनीच्या बोर्डिंगमध्ये राहायच्या. स्वयंपाकपाणी बघायला एक बाई असायची, पुष्कळदा विधवा. आठवड्याला सरासरी ७३ तास काम, आणि उठणं, जेवणं, झोपणं सगळं घंटेवर. मी हे सांगत असताना बाबा मान हलवत होते. मग म्हणाले, “आपल्याकडे उलटं होतं बघ. साच्यावर पुरुष, आणि खाणावळ बाईची.”

साचा म्हणजे गिरणीतला माग. खरंच उलटं होतं. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार एका खोलीत पाळ्या लावून झोपायचे आणि खाणावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. आमची आजीसुद्धा काही वर्षं आठ-दहा माणसांचं करायची. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून मुंबईत आलेल्या प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते अशाच खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून. लोवेलच्या मुलींनीही एकी केली होती. १८३४ मध्ये पगारकपातीविरुद्ध त्यांनी काम बंद केलं आणि १८३६ मध्ये राहण्या-जेवणाचे दर वाढवले म्हणून पुन्हा. तेव्हा रस्त्यानं गाणी म्हणत त्यांनी मिरवणूक काढली. म्हणजे या आवारात गाणं महोत्सवाबरोबर आलेलं नाही. ते दीडशे वर्षं आधीपासून इथं होतं.

शनिवारी दुपारी त्याच पार्कमध्ये दक्षिणेतून आलेला एक गॉस्पेलचा चमू गायला. कृष्णवर्णीय चर्चमधलं भक्तिसंगीत. चार पुरुष, मागे गिटार आणि ड्रम. मुख्य गायक एक ओळ टाकतो, बाकीचे ती झेलतात, आणि हळूहळू ती ओळ इतकी तापते की समोरचे लोक आपोआप उठून उभे राहतात. बाबा म्हणाले, “हा बुवा आहे, आणि हे त्याचे झिलकरी.” त्यापेक्षा नेमकं मला काही सुचलं नसतं.

मला मात्र त्या गाण्यात दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. समोर लाल विटांची बूट मिल होती, म्हणजे बुटांची नव्हे, ‘बूट’ नावाची कापडगिरणी. या गावातल्या गिरण्यांत विणला जाणारा कापूस दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला असायचा. त्यांच्या अंगावर जे जाडंभरडं कापड यायचं, त्याला तिकडे ‘लोवेल’च म्हणत. गावाचं नाव कापडाला पडलं होतं. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, कापूस यायचा थांबला आणि इथले साचे बंद पडले. तेवढ्यात इंग्लंडला कापूस पुरवून मुंबईचे व्यापारी गबर झाले. त्या पैशानं मुंबईचं रूपडं पालटलं, आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागच्या चिमण्या उभ्या राहिल्या. त्या चिमण्यांखाली माझे आजोबा आले. आज त्या कापूस वेचणाऱ्यांच्या वंशातली माणसं त्याच गिरणीसमोर उभी राहून छाती भरून गात होती, आणि ऐकायला साचेवाल्याचा मुलगा आणि नात. मी शेवटपर्यंत बसू शकले नाही, उभी राहूनच ऐकलं.

इथं येणारे रसिक कसे असतात, तेही सांगते. घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळीच जागा धरणारे पुष्कळ. सेंट ॲन चर्चच्या अंगणात झाडांखाली एक लहान मंच असतो. तिथे शेजारी बसलेल्या एका आजींनी सांगितलं, की १९८७पासून त्यांनी हा महोत्सव सहसा चुकवलेला नाही. कार्यक्रमपत्रिका मात्र त्या घरीच ठेवून येतात. “ज्यांची नावं मला माहीत आहेत, ते ऐकायला मी येतच नाही,” असं म्हणाल्या. या महोत्सवाचं मर्मच ते आहे. इथे गाजलेली नावं आणून गर्दी जमवत नाहीत. ज्यानं आपलं गाणं बापाकडून, काकांकडून, देवळात किंवा वस्तीत उचललं, आणि जो अजून त्याच माणसांत गातो, त्याला बोलावतात. म्हणून एकाच दुपारी आयरिश फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पोर्तो रिकोचे ढोल आणि लुईझियानाचा झायडेको लागोपाठ कानावर पडतो. झायडेकोमध्ये एक माणूस पन्हाळी पत्र्याचं जाकीटच अंगात घालतो आणि दोन्ही हातांतल्या चमच्यांनी छातीवर खरवडत ताल धरतो. बरोबरचं अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीचीच मावसबहीण. स्वर निघतो तो भात्याच्या हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांतूनच.

आमच्याबरोबर आलेल्या पुण्याच्या मैत्रिणीची एक तक्रार होती, आणि ती मला पटली. सवाईला एकच मंच. सगळे एकच गाणं ऐकतात आणि रात्री घरी जाताना त्याच एका भैरवीवर वाद घालतात. इथे एकाच वेळी चार ठिकाणी गाणं चालू असतं, त्यामुळे प्रत्येकाचा महोत्सव निराळा. आम्ही गॉस्पेल ऐकत होतो तेव्हा ती दुसरीकडे आयरिश ऐकत होती, आणि संध्याकाळी आम्हा दोघींकडे एकमेकींना सांगायला नुसती वर्णनं होती. शिवाय प्रत्येकाला वेळ मिळतो जेमतेम तासभर. गवई कुठे रंगात येतोय, तोवर पुढच्याची मांडामांड सुरू. रात्र-रात्र चालणाऱ्या भजनाची सवय असलेल्या बाबांना ते फार लागलं.

खाण्याबद्दल थोडक्यात. व्यापारी गाड्यांपेक्षा इथल्या चर्चचे, बौद्ध विहारांचे आणि वस्त्यांतल्या मंडळांचेच ठेले जास्त, आणि मिळकत त्यांच्याच कामाला जाते. पोलिश पिरोगीसमोर मोठी रांग होती. आपल्या करंजीसारखा आकार, पण उकडलेली, आत बटाटा आणि चीज. लोवेलमध्ये कंबोडियन लोकांची वस्ती फार मोठी आहे. ख्मेर रूजच्या संहारातून वाचलेली कुटुंबं १९८०च्या दशकात इथे आली. सळईवरचं मांस भाजणारा एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, लहानपणापासून तो या महोत्सवात आहे, पण गाणं त्यानं निखाऱ्यांपाशी उभं राहूनच ऐकलंय, कुठल्या मंचावरून येतंय ते न बघता. मी त्याला सांगितलं, की आमच्या मंडळाच्या प्रसादाच्या रांगेत वाढणाऱ्यांचंही असंच होतं. शनिवारी चारच्या सुमारास वळवासारखा पाऊस कोसळला, तेव्हा त्याच ठेल्याच्या छताखाली आम्ही वीस-पंचवीस माणसं अर्धा तास अंग चोरून उभी होतो.

आमच्या गिरणगावातही गाणं होतं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, ते याच कामगारांसाठी. शाहिरांच्या बरोबरीनं कोकणातल्यांचं जाखडी नाच, शक्ती-तुऱ्याचे सामने, चाळीचाळीतली भजनी मंडळं. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, हे मुंबईकरांना मी काय सांगायचं. लोवेलमध्येही काही गिरण्यांचे फ्लॅट झालेत. पण एक गिरणी, एक बोर्डिंग आणि त्यांच्यामधलं अंगण गाण्यासाठी राखून ठेवलंय. मला तेवढंच आपल्याकडे हवं आहे. एका गिरणीचं आवार, वर्षातले तीन दिवस, आणि मंचावर जाखडीवाले, बेंजोवाले, भजनीबुवा. त्यांच्या जोडीला बंगालचे बाऊल आणि राजस्थानचे मांगणियार आले तर दुधात साखर.

रविवारी सकाळी आम्ही बूट मिलमधल्या संग्रहालयात गेलो. तिथे तळमजल्यावर ८८ साचे मांडलेत आणि त्यांतले काही चालवून दाखवतात. दारातच कानात घालायला बोळे ठेवलेले असतात. बाबांनी घेतले नाहीत. आत शिरलो तशी पायांखालची जमीन थरथरायला लागली. धोटा इकडून तिकडे फेकला जात होता आणि त्या खडखडाटात मला माझाच आवाज ऐकू येईना. बाबा एका साच्यासमोर उभे राहिले, बराच वेळ. बाहेर आल्यावर बोलले.

“अगं, दादा कधी इथलं सांगायचेच नाहीत. मी एकदाच गेलो होतो, डबा द्यायला. आत नाही सोडलं.”

दादा म्हणजे माझे आजोबा. तीस वर्षं साचेखात्यात होते. शेवटी शेवटी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, घरात सगळे ओरडूनच बोलायचे. पण गुरुवारच्या भजनाला पखवाज तेच वाजवायचे. मला ही गोष्ट माहीत होती, तरी ते जमायचं कसं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. बाबा म्हणाले, दादा चाळीच्या लाकडी गॅलरीत अनवाणी बसायचे. टाळकरी पाय आपटून ठेका धरत, तो फळ्यांतून त्यांच्या पायांपर्यंत पोचायचा. मंडळींना सक्त ताकीद होती, ठेका पायानंच द्यायचा.

दुपारी डटन स्ट्रीटवरच्या नाचाच्या मांडवात क्वेबेकचे वादक होते. लोवेलच्या गिरण्यांत कॅनडातून आलेले फ्रेंचभाषक हजारोंनी होते, त्यामुळे हे संगीत इथे घरचंच. त्यांचा फिडलवाला खुर्चीवर बसून वाजवतो आणि त्याच वेळी दोन्ही पायांनी, टाच आणि चवडा आळीपाळीनं आपटत, फळीवर ताल धरतो. तबला नाही, ढोल नाही, फक्त पाय. समोरच्या लाकडी फरशीवर शंभरेक माणसं नाचत होती, आजोबा-नाती, कडेवर पोरं घेतलेल्या आया, आणि चुकले तरी न थांबणारे पुष्कळ.

बाबा फरशीच्या कडेला जाऊन बसले. बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही पाय फळ्यांवर टेकवले.

“बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” मी खाली वाकून विचारलं.

त्यांनी माझा हात धरला आणि तळवा फळीवर ठेवला. “इथं. दाब थोडा.”

मी दाबला. आधी नाचणाऱ्यांची सरमिसळ धडधड तेवढी जाणवली. मग तिच्याखालून, बारीक आणि एकसारखा, त्या फिडलवाल्याच्या टाचांचा ठेका हाताला लागला.