तो आकडा नेमका कुणासाठी होता?

चरखी दादरीचा, म्हणजे १९९६ साली हरियाणात दोन विमानांची आकाशात टक्कर झाली त्या अपघाताचा, विषय निघाला की कुणीतरी एका वाक्यात निकाल लावून टाकतं: 'त्या कझाक पायलटला इंग्रजी येत नव्हतं.' मी रडारवर बसणारा कंट्रोलर आहे आणि या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ३४९ माणसं गेली, ती एवढ्यावर मिटवायची?

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळी ६.४० चा सुमार. सौदियाचं ७४७ दिल्लीहून धाहरानकडे निघालेलं, आत आखातात कामाला जाणारी आपली कितीतरी माणसं. समोरून चिमकेंतहून आलेलं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ उतरत होतं. दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच मार्ग होता, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे. चढणाऱ्याला १४,००० फूट, उतरणाऱ्याला १५,०००. मध्ये हजार फूट.

कंट्रोलरने कझाक विमानाला सावध केलं: समोरून सौदियाचं विमान येतंय, दिसलं की कळवा. त्यांनी अंतर विचारलं. उत्तर गेलं: आठ मैल, लेव्हल एक-चार-शून्य, म्हणजे १४,००० फूट. यात एक शब्दही चुकीचा नाही. समोरच्या विमानाची उंची सांगायचीच असते, मीही रोज सांगतो.

पण त्या कॉकपिटमध्ये काय चाललं होतं ते बघा. पाच जणांचा क्रू. कंट्रोलरशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर. त्याच्यापुढे स्वतःचा आल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र नाही, उंची बघायची तर पायलटांच्या खांद्यावरून डोकावायचं. म्हणजे विमान ज्याच्या हातात, तो बोलत नव्हता; आणि जो बोलत होता, त्याला काटा धड दिसत नव्हता. अशा वेळी दुसऱ्या विमानाचा 'एक-चार-शून्य' आपल्यालाच दिलेली लेव्हल वाटणं किती सोपं! खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, पण मला तरी हेच पटतं. शेवटी ऑपरेटरच्याच लक्षात आलं आणि तो ओरडला, दीडशेवर (म्हणजे १५,००० फुटांवर) राहा. तोवर फार उशीर झाला होता.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कझाक क्रूवर ठपका आला तो दिलेली लेव्हल सोडून खाली आल्याचा. तो योग्यच आहे. पण खुर्चीवर बसलेल्या आमच्या त्या सहकाऱ्याला पडद्यावर विमानाची जागा दिसत होती, उंची दिसत नव्हती. उंची दाखवणारं सेकंडरी रडार तेव्हा दिल्लीत सुरू झालेलं नव्हतं. पायलट तोंडाने सांगेल ती उंची खरी मानायची, दुसरा इलाजच नव्हता.

पुढे येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारं टीकॅस बंधनकारक झालं, २००८ पासून जगभर पायलट आणि कंट्रोलरांना इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. सगळं चांगलं. तरी पातळी चारवाला माणूससुद्धा उतरण्याच्या गडबडीत, चेकलिस्ट वाचता वाचता, अर्धंच ऐकतो. 'हेडिंग (दिशा) दोन-पाच-शून्य, स्पीड दोन-पाच-शून्य, लेव्हल दोन-पाच-शून्य' असं एका दमात दिलं तर रीडबॅकमध्ये, म्हणजे पायलट आकडे परत म्हणून दाखवतो त्यात, काय परत येईल याचा नेम नाही. म्हणून मी तोडून देतो. फ्रिक्वेन्सीवर गर्दी असली तरी तोडूनच. एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं तर हेडसेटमध्ये नुसती किंचाळी येते, तेव्हाही अंदाजाने पुढे जात नाही, पुन्हा विचारतो.

नव्या मुलांशी माझं भांडण होतं ते इथेच. रीडबॅक चालू असतो आणि यांचा हात पुढच्या विमानाच्या स्ट्रिपवर, म्हणजे त्याची माहिती लिहिलेल्या पट्टीवर गेलेला. कान इकडे, डोळे तिकडे. मी पेन काढून घेतो. पायलटचा आकडा पूर्ण ऐकायचा, दिलेल्या आकड्याशी ताडायचा, मग लेव्हलवर टिक. प्रशिक्षणात त्यांना मुंबई-दिल्लीच्या ओळखीच्या उच्चारांचीच सवय लागते. ताश्कंद, अल्माटी, ग्वांगझू इथल्या क्रूचं बोलणं पहिल्यांदा ऐकायला मिळतं ते थेट खऱ्या विमानातून. सिम्युलेटरवर असे आवाज मुद्दाम घालावेत, हे मी प्रत्येक बैठकीत मांडतो. या महिन्याच्या बैठकीतही मांडणार आहे.