घरघंटी गेली

सोमवार, रात्र

काकू दुपारी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "काही लागलं तर सांग हो." हातातली कैऱ्यांची पिशवी दिली आणि वळल्या. मी "हो, सांगेन ना" म्हटलं, दार लावलं, आणि तेव्हापासून कशातच लक्ष नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाचा लगदा झाला. हे जेवताना काही बोलले नाहीत. ह्यांच्याबद्दल आज काही लिहायचं नाही.

वाईट काय बोलल्या काकू? काहीच नाही. उलट मायेनंच बोलल्या. मग घशाशी का आलं माझ्या?

त्यांना कळलं, म्हणून. घरघंटी, म्हणजे आमची घरची पिठाची गिरणी, विकायला काढली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मी मुद्दामच टाकली नव्हती. तिथे रोज काही ना काही विकायला येतं. कुणाची बदली झाली म्हणून फ्रिज, मूल मोठं झालं म्हणून पाळणा, नवीन सोफा आला म्हणून जुना. सगळ्यांच्या खाली 'जागेअभावी देणे आहे' असं लिहिलेलं, आणि त्यावर कुणी काही विचारत नाही. पण आमच्या घरचं एप्रिलपासून सगळ्या मजल्यांना थोडं थोडं माहीत आहे. मी 'जागेअभावी' लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात ते दुरुस्त केलं असतं. म्हणून ओएलएक्सवर टाकली आणि फेसबुकच्या मार्केटप्लेसवर टाकली, नुसतं 'कर्वेनगर' लिहून. मार्केटप्लेस जवळपासच्या वस्तू आधी दाखवतं, आणि जवळपास म्हणजे आमच्याच जिन्याखाली राहणारी काकूंची सून. फोटोत घरघंटीच्या मागे आमच्या ओट्याच्या हिरव्या टाइल्स. आणि ती घरघंटी तरी काकूंना अनोळखी कुठे होती? दर दिवाळीआधी त्यांची चकलीची भाजणी आमच्याकडेच दळली जायची.

२०२० मध्ये घेतली होती. गिरणीत जायची सोय नव्हती, गेलं तरी भीती वाटायची. घरी पीठ पडायला लागलं तेव्हा आई किती खूश झाली होती! ज्वारीचं वेगळं, तांदळाचं वेगळं, धिरड्याचं जरा जाडसर, ती जाळ्या बदलून बघायची. आईचं सध्या जे चाललंय त्यात पुन्हा पोळ्या-भाकरी तिच्या हातून होणं नाही. घरघंटी महिनोन् महिने झाकून ठेवलेली असायची. तिच्यावर मी कपड्यांची टोपली ठेवायला लागले होते. म्हणजे तसं बघायला गेलं तर 'जागेअभावी' खोटं ठरलं नसतं.

पण खरं कारण हे की मे महिना आहे. मिळकतकराचं बिल येऊन पडलंय. मुदतीच्या आत भरला तर सर्वसाधारण करात सवलत मिळते, आणि थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. महावितरणचं बिल उन्हाळ्याचं. आईच्या खोलीत कूलर दिवसरात्र चालू असतो, त्यामुळे ३०० युनिट केव्हाच ओलांडले, आणि त्यावरच्या प्रत्येक युनिटचा दर वेगळाच. शिवाय सुरक्षा ठेवीचं निराळं बिल. धाकटीच्या फीचा पहिला हप्ता जूनच्या आत. दादाला फोन करता आला असता. नाही केला. वहिनी चांगली आहे, पण नाही केला.

जाहिरात टाकली आणि मेसेज सुरू झाले. 'अजून उपलब्ध आहे का?' हे तर बटण दाबलं की आपोआप जातं, त्यामुळे तेच सगळ्यात जास्त. मग 'फायनल बोला.' मग '३००० मध्ये देता का, आत्ता येतो.' मी ८००० लिहिले होते. एकानं बदल्यात मायक्रोवेव्ह घेता का असं विचारलं. हे सगळं मला लागेल असं वाटलं होतं, पण नाही लागलं. बाजारात उभं राहिलं की भाव पाडून मागणारच, तुळशीबागेत आपणही तेच करतो.

एकजण मात्र काहीच न खळखळ करता ८००० ला तयार झाला. म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झालीय, बायकोला हवी आहे, माणूस गाडी घेऊन येईल, पैसे आत्ताच पाठवतो. आणि व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड पाठवला. "हा स्कॅन करा मॅडम, पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. धाकटीसुद्धा हे सांगेल. मी नंबर ब्लॉक केला, तक्रार केली. धाकटीनं १९३० हा नंबरही माझ्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवला, पुन्हा कुणी असं केलं तर असावा म्हणून. हे लिहायचं कारण वेगळंच आहे. कोड येण्याआधी, त्यानं भाव केला नाही तेवढी दोन-तीन मिनिटं, मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्या वस्तूची आपण सांगितलेली किंमत मानली, याचं. तो चोर निघाला याहून ते बरं वाटणं खोटं निघालं, याचं दुःख मला जास्त झालं.

काल नऱ्ह्याच्या एक ताई येऊन घेऊन गेल्या. भावाला आणि त्याच्या छोट्या हत्तीला घेऊन आल्या होत्या. पिशवीत किलोभर गहू आणलेले. "चालू करून दाखवाल का?" म्हणाल्या. मला आवडलं ते. मी सांगत गेले: आधी मोटर चालू करायची आणि मग दाणे सोडायचे, ओलसर धान्य अजिबात नाही, तीळ-शेंगदाणे चुकूनसुद्धा नाहीत, जाळी चोंदते. दळून झालं की आत ब्रश फिरवायचा, नाहीतर पिठात किडे होतात. त्या मान हलवत होत्या, दोन बोटांत पीठ चोळून बघत होत्या. बचत गटातून भाजणी आणि नाचणीचं पीठ विकणार आहेत. मशिनीला कान लावून आवाज ऐकला आणि मग विचारलं, "का विकताय ताई?"

आणि मी म्हटलं, "पैशांची गरज आहे."

कसं कोण जाणे, निघून गेलं तोंडातून. 'जागा नाही' हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "बरं. म्हणजे मोटर कधी जळली-बिळली नाही ना?" नाही म्हटलं. मग ५५०० पासून सुरुवात झाली आणि ६५०० ला ठरलं. ५००० यूपीआयनं आले, १५०० रोख. जाताना मी भाजणीच्या जाळीवर आईच्या हातचं लेबल होतं ते काढायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या की, आम्हाला कळायला बरं." राहू दिलं.

आता हेच मला उमगत नाहीये. परक्या बाईसमोर एका वाक्यात सांगून मोकळी झाले, आणि सतरा वेळा ज्यांच्या घरी चहा प्यायले त्या काकूंसमोर घसा दाटला. नऱ्ह्याच्या ताईंना कारण हवं होतं ते मशीनचं. ती बिघडलेली नाही ना, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. माझं काय, हा प्रश्नच तिथे नव्हता. काकूंनी मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी थेट माझ्याकडेच पाहिलं.

आमच्या लहानपणी सदाशिव पेठेत वाड्यात बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी. आई आणि मावशी पायरीवर बसून तिच्याशी तास तास घासाघीस करायच्या. दोन साड्या आणि बाबांची पँट, त्यावर एक पातेलं. "झाकण पण दे." "आणखी एक साडी टाका." सगळा वाडा गोळा व्हायचा. जुनं देऊन गरजेची वस्तू घेताना आईला कधी कुणी 'अडचण आहे का गं?' असं विचारलं नाही. उलट झाकण मिळवलं म्हणून कौतुक व्हायचं. रद्दीचे पैसे तर आईचे हक्काचे, बाबा कधी विचारायचे नाहीत. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अर्धं पुणं पूर्वीपासून घेतंय आणि विकतंय. मग आता काय बदललं? बोहारणीकडून पातेलं यायचं, ते फडताळात मांडून दाखवता यायचं, हे असेल. पैसे मांडून ठेवता येत नाहीत. आले आणि बिलात गेले. कुणी विचारलं, काय मिळालं, तर दाखवायला काही नाही.

की हेही मी स्वतःला समजावतेय? तेव्हाही कुणाच्या घरातून पातेलं उलट्या दिशेनं, मोडीत गेलं असेल, ते मात्र पायरीवर बसून सगळ्यांसमोर गेलं नसेल. तेही दुपारी, पदराखाली झाकून गेलं असेल. आईचा तांब्याचा बंब कधी गेला, तांबट आळीत की आणखी कुठे, मला आठवत नाही. घरात एक दिवस बंब होता आणि मग नव्हता. ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काकूंनी असं का म्हणायचं पण! म्हणायचंच होतं तर तेव्हा, एप्रिलमध्ये. आता घरघंटी गेल्यावर कशाला. मला आज माझंच फार वाईट वाटतंय. झोपते.

मंगळवार, संध्याकाळ

पिशवी परत द्यायला खाली गेले. कैऱ्यांचा तक्कू केला होता, तो वाटीत घेतला. रिकामी पिशवी कशी द्यायची.

काकू लोणी कढवत होत्या. दार उघडंच होतं. मी आत गेले, वाटी ठेवली, आणि बसण्याआधीच म्हटलं, "काकू, घरघंटी पैशांसाठी विकली. मिळकतकर आणि फी एकदमच आली."

"अगं मला काय माहीत नाही का," असं म्हणून त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "पण मला आधी सांगायचंस. मी घेतली असती."

म्हणूनच तर नाही सांगितलं, हे मी बोलले नाही. त्यांनी ८००० ला घेतली असती, एक रुपया कमी न करता, आणि मला आयुष्यभर ते दीड हजार दिसत राहिले असते. त्यांना ते कळलं असावं, कारण पुढे त्यांनी ताणलं नाही. त्यांनी विचारलं, "कितीला दिलीस?"

"साडेसहा."

"कमी दिलीस. आतल्या जाळ्या सगळ्या होत्या ना? मग सातच्या खाली जायला नको होतं." आणि खरंच रागावून, "आता माझी भाजणी कुठे दळायची ते सांग. चौकातल्या गिरणीत आधीच्याचं बाजरीचं पीठ मिसळतं. चकल्या तुटतात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. काल दुपारी दारात उभं राहून त्या जे बोलल्या त्याच्या मागे हेही होतं की काय? असेलही. माणसाच्या मनात माया आणि चकली एका वेळी राहू शकतात. मी कालची रात्र फक्त माझ्यापुरता विचार करत काढली. त्यांचंही काहीतरी गेलं होतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. नऱ्ह्याच्या ताईंचा नंबर दिला. दळून देतात का विचारते म्हणाल्या. पण त्याआधी "धने-जिरं भाजायचं मात्र मीच, त्यांच्यावर नाही सोडणार."

मग तूप गाळताना, पाठ माझ्याकडे असताना, त्या काहीतरी सांगायला लागल्या, काका गेल्यानंतरच्या वर्षाचं. पाटल्यांचं. अर्ध्यावर सून आली, थांबल्या. मी विचारलं नाही. पुन्हा कधीतरी सांगतील, नाही सांगितलं तरी चालेल.

हलकं वाटलं का? थोडंसं. पूर्ण नाही. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरची भेटली आणि 'काय म्हणता' म्हणाली तेव्हा मी पुन्हा 'मजेत' असंच म्हटलं. प्रत्येक मजल्यावर सांगत सुटायची गरज नाही. काकूंना सांगता आलं, एवढं पुष्कळ आहे. मिळकतकर आज ऑनलाइन भरून टाकला, तेवढं एक डोक्यावरून उतरलं. वीज आणि ठेव पुढच्या आठवड्यात.

निघताना काकूंना सायकलचंही बोलले. थोरल्याची गिअरची, त्यानं हॉस्टेलला जाताना नेली नाही, 'विक' म्हणाला. काकूंचा नातू यंदा आठवीत गेलाय, क्लासला जायला त्याला हवीच आहे. काकू म्हणाल्या, २५००. मी म्हटलं, काकू, टायर नवीन आहेत, ३५०० च्या खाली नाही. "बघू," म्हणाल्या, "चालवून बघितल्याशिवाय मी भाव ठरवत नाही." रविवारी सकाळी नातू येणार आहे. तोवर चेनला तेल घालायला हवं, आणि मागचा ब्रेक किंचित घासतोय तो आधीच सांगून टाकायला हवा.