धाकटीनं न सांगता भेटवलेला कालिदास

"ताई, छत्री घे, पाण्याची बाटली घे आणि कुठं जायचं ते विचारू नको." आषाढातल्या रविवारी सकाळी धाकटीचं हे फर्मान. मला वाटलं, फुटाळा तलावावर भुट्टे खायला नेणार. गाडी थांबली ती नागपूरच्या सीताबर्डीत, झाशी राणी चौकात.

तिथल्या राणीच्या पुतळ्यासमोरून माझं रोजचं जाणं-येणं, पण उतरून कधी पाहिलं नव्हतं. राणीवरची गाजलेली हिंदी कविता लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान यांना १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात याच शहरात अटक झाली होती, हे धाकटीनं तिथंच सांगितलं. विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १९२३ चीच आणि त्याची वास्तू याच चौकात! १९४८ मध्ये नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात सुभद्राकुमारी गेल्या. "आता आपण त्याच रस्त्यानं जातोय," म्हणत तिनं गाडी जबलपूर रोडला काढली.

कामठी गेलं, कन्हान गेलं. मनसरला उजवीकडे वळल्यावर रामटेकचा गड दिसला आणि मला कळलं. गडावर रामाचं दर्शन घेऊन लोक खाली उतरतात, आम्हीही आजवर तेच केलं. कालिदास स्मारकात मात्र कधी निवांत थांबलो नव्हतो.

कालिदासाच्या काव्यनाटकांतले प्रसंग इथं चित्रांत मांडले आहेत. शकुंतला आहे, पण माझे पाय अडले ते मेघदूतापाशी. कुबेराच्या शापानं वर्षभरासाठी घर तुटलेला, रामगिरीवर राहिलेला यक्ष. झुरून इतका रोडावलेला की मनगटातलं सोन्याचं कडं गळून पडलेलं. आठ महिने कसेबसे काढले आणि डोंगराला बिलगलेला ढग दिसताच त्याचा धीर सुटला. बायकोसाठीचा निरोप सांगण्याआधी तो ढगाला कुड्याची ताजी फुलं वाहतो. पाहुण्याचं आधी स्वागत, मग आपलं गाऱ्हाणं! ही रीत मला फार आवडते. कॉलेजात हे श्लोक परीक्षेपुरते पाठ केले होते. इथं चित्रासमोर उभी राहून एकेक ओळ आठवत गेले आणि घसा दाटून आला.

बाहेर आलो तर पाऊस नुकताच थांबलेला, पायऱ्या निसरड्या. खाली अंबाळा तलाव आणि समोरच्या टेकडीला काळाभोर ढग टेकलेला. पाण्याकडे बघताना पहिलाच श्लोक आठवला: सीतेच्या स्नानानं पावन झालेलं रामगिरीचं पाणी.

हाच तो रामगिरी का, यावर विद्वानांचे वाद आहेत. काहीजण छत्तीसगडमधल्या सरगुजातल्या रामगडाकडे बोट दाखवतात. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकची बाजू मांडली आणि मला ती पटते. वाकाटक राजघराण्याची नंदिवर्धन ही राजधानी, म्हणजे आजचं नगरधन, इथून हाकेच्या अंतरावर. त्या घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि कालिदासाचं नाव त्याच चंद्रगुप्ताच्या दरबाराशी जोडलं जातं. राजाच्या लेकीच्या सासरी कवी येऊन राहिला असेल, यात अशक्य ते काय?

हे सगळं मी धाकटीला उतरता उतरता ऐकवलं. तिनं घड्याळ पाहिलं, अजून उजेड होता. गाडी नागपूरऐवजी नगरधनच्या किल्ल्याकडे वळली.