घोडेबाजार न्यूयॉर्कला, बैल पॅरिसला: रोझा बोनरच्या मागावर

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातली सगळी गर्दी पाचव्या मजल्यावर, मोने-रेन्वारच्या चित्रांपुढे. तिकडे धावण्याआधी तळमजल्यावर एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच प्राणिचित्रकार रोझा बोनर हिचं ‘निव्हेर्नेतली नांगरट’ हे चित्र बघून घ्यावं (निव्हेर्ने हा फ्रान्सचा एक प्रांत). 1848 मध्ये सरकारने 3000 फ्रँकला सांगितलेलं काम तिने पुढच्या वर्षी पूर्ण केलं, तेव्हा ती 27 वर्षांची होती. चित्रात सहाबैली दोन नांगर आहेत. हिवाळ्याआधीची पहिली नांगरट, जमीन उघडी पडून तिला हवा लागावी म्हणून केलेली. आपल्याकडच्या माणसाची नजर आधी जुवाकडे जाते. ते मानेवर नाही, शिंगांच्या बुडाला पट्ट्यांनी आवळलेलं आहे. ओढ डोक्याने घ्यायची म्हणून बैल मान खाली घालून चालतात. पुढची ढेकळं इतकी ओलसर आहेत की गाडीवाट सोडून शेतात उतरलेल्यालाच ती जमतील. माणसांचे चेहरे मात्र तिने जेमतेम उरकलेत. ते मला पटलं.

तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र, ‘घोडेबाजार’, पॅरिसमध्ये नाही याची चीड येते. 1853 च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ते लागलं. पुढे गॅम्बार्ट या लंडनच्या चित्रदलालाने ते 40,000 फ्रँकला घेतलं, आणि 1887 मध्ये व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने 53,000 डॉलरला विकत घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकलं. अडीच मीटर उंच, पाच मीटर रुंद. पण ज्या बाजाराचं ते चित्र आहे, त्याची जागा पॅरिसमध्ये बघता येते. मेट्रो पाच नंबरने सें-मार्सेलला उतरून बुलव्हार द लोपिताल धरावा. बाजाराची आता खूणही नाही, पण चित्राच्या पार्श्वभूमीतला साल्पेत्रियेर रुग्णालयाचा घुमट जागच्या जागी आहे. घुमट दिसला की चित्रातली गोल फिरणारी घोड्यांची रांग कुठे होती याचा अंदाज बांधता येतो.

या बाजारात ती दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा येत होती, पुरुषाच्या वेशात. गाइड लोक इथे थांबून बंडखोरीच्या गोष्टी रंगवतात. कारण साधं होतं. घोड्यांच्या दलालांत झगा घातलेली बाई उभी राहिली की चेष्टा सुरू होते आणि काम थांबतं. कत्तलखान्यात तर शेण-रक्तात घोळ भिजून पाय उचलणं मुश्किल. स्नायू-हाडं कळावीत म्हणून ती तिथेही जाऊन चित्रं काढायची. पँट घालायला परवाना लागायचा. 1800 च्या हुकमानुसार बाईने पोलिस मुख्यालयात अर्ज करायचा, डॉक्टरची सही आणायची, कारण ‘प्रकृती’ असं लिहायचं. तिचा 1857 चा परवाना उपलब्ध आहे. मुदत सहा महिने, मग नूतनीकरण. त्यावर अट अशी की या वेशात नाटकाला, नाचाला किंवा सार्वजनिक समारंभाला जायचं नाही. म्हणजे कामापुरती पँट, मिरवण्यापुरती नाही. हा हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने स्पष्ट केलं ते 2013 मध्ये!

पॅरिसचं हे काम अर्ध्या दिवसात होतं. पॅरिसबाहेर, तोमेरीजवळच्या बी या वस्तीतल्या तिच्या वाड्यासाठी मात्र अख्खा दिवस ठेवा. पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनहून आर लाइनची लोकल धरायची, फाँतेनब्लो-आव्हाँनंतरचं स्टेशन तोमेरी. प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. फलाटावरच्या फलकावर तोमेरीचं नाव दिसल्याशिवाय चढू नये. स्टेशन जंगलाच्या कडेला आहे, पुढे चालायला अर्धा तास धरावा आणि पाणी सोबत ठेवावं. आत गाइडसोबतच जाता येतं, तेव्हा बुकिंग आधीच करा. माहिती फ्रेंचमध्ये, बोलण्याचा वेग भरपूर.

वाडा तिने 1859 मध्ये, चित्रांच्या कमाईतून घेतला आणि मोठा स्टुडिओ बांधून घेतला. ‘घोडेबाजार’ इथे रंगला असं पुष्कळांना वाटतं, तो आधीचा, पॅरिसमधला. इथे तिने प्राणीच पाळले. मेंढ्या, घोडे, हरणं आणि फातमा नावाची सिंहीण. मॉडेल अंगणात असलं की बाजारात जावं लागत नाही. स्टुडिओत तिचा कामाचा डगला, बूट, भुसा भरलेली प्राण्यांची डोकी, आणि 1889 मध्ये बफेलो बिल या अमेरिकन खेळवाल्याने दिलेला, सू या तिथल्या मूळ रहिवाशांचा पोशाख आहे. 1865 मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी स्वतः इथे येऊन तिला लेजियाँ द’ऑनर या फ्रान्सच्या मोठ्या सन्मानाचं पदक देऊन गेली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री चित्रकार. पोशाखापाशी सगळे फोटो काढतात. मी म्हणेन, डगल्यापाशी जास्त वेळ थांबा.

शेवटच्या वर्षात तिचं व्यक्तिचित्र काढायला आलेल्या ॲना क्लुम्पके या अमेरिकन चित्रकर्तीच्या नावावर तिने सगळं केलं. नातेवाइकांनी आक्षेप घेतले आणि 1900 मध्ये स्टुडिओतल्या दोन हजारांवर कलाकृती लिलावात गेल्या. म्हणून वाड्यात मोठी तैलचित्रं शोधू नयेत, अपेक्षाभंग होतो. बघायची ती अवजारं आणि खोल्या.

फाँतेनब्लोचा राजवाडा त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा. वेळ उरलाच तर पुढचंच स्टेशन मोरे, मोनेच्या पंथातल्या चित्रकार सिस्लेचं गाव. सिस्ले आणि बोनर दोघंही 1899 मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने गेले. सिस्लेसाठी लोक मोरेला झुंडीने उतरतात. तोमेरीला गाडी थांबते तेव्हा डब्यातून उतरणारे हाताच्या बोटांवर मोजावेत.