पालघाट खिंडीच्या दोन काठांवर

ऊटीजवळच्या एका शोलात पहाटे तासभर निमूट थांबल्यावर ओढ्याकाठच्या अंधाऱ्या झुडपातून शोलाकिळी क्षणभर बाहेर आली. पाठ गर्द निळी, कुशी तांबूस. गवताळ उतारांमधल्या घळींत दाटलेल्या बुटक्या सदाहरित जंगलाला इथे शोला म्हणतात आणि हा चिमणीएवढा पक्षी त्या गारव्याबाहेर सहसा पडत नाही.

दुपारी आम्ही घाट उतरून कोइम्बतूरला आलो आणि पोल्लाचीमार्गे मुन्नारकडे निघालो. सह्याद्री म्हटला की अखंड भिंत आणि तिच्यावरून वळणे घेत चढणारा घाटरस्ता, अशी आपली सवय. इथे मात्र भिंतच नाहीशी होते. पालघाटची खिंड सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद आहे. गाडीच्या काचेबाहेर नारळाच्या बागा, पवनचक्क्या आणि घामटा काढणारे ऊन होते. आम्हांला हे अंतर कंटाळवाणे वाटले, एवढेच. शोलाकिळीसाठी मात्र हा उष्ण सखल पट्टा समुद्रासारखा आहे. दोन्ही काठांवरचे पक्षी लाखो वर्षे एकमेकांत मिसळले नाहीत, त्यामुळे एका बाजूला झालेले लहानसहान जनुकीय बदल दुसऱ्या बाजूला पोहोचले नाहीत आणि साचत गेले.

उदुमलपेटनंतर चिन्नारचे काटेरी, कोरडे रान लागते आणि मग पुन्हा चढण. मुन्नारच्या वरच्या शोलात दोन दिवसांनी दिसलेल्या शोलाकिळीचे पोट पांढरे होते, तांबूस रंगाचा मागमूस नव्हता. पूर्वी या दोघींना एकाच जातीची दोन रूपे मानणारे अभ्यासक होते. समोर पाहिल्यावर मला ते पटणे अवघड गेले. अर्थात डोळ्यांवर विसंबून चालत नाही. आवाज, मोजमापे आणि डीएनए यांचा मेळ घालून २०१७ साली भारतीय संशोधकांनी त्यांच्यासाठी 'शोलिकोला' ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट, म्हणजे जीनस) मांडली. लाफिंगथ्रश पक्ष्यांचीही अशीच फाटाफूट झालेली आहे. मात्र ही खिंड सगळ्यांनाच आडवी आलेली नाही : ज्यांना सखल भागातले ऊन आणि उघडे रान सोसते, त्या पक्ष्यांत दोन्ही बाजूंना फारसा फरक पडलेला नाही.

आणखी दक्षिणेला शेनकोट्टाची अरुंद खिंड आहे. तिच्यापलीकडच्या अशांबू डोंगरांतली शोलाकिळी त्याच वर्षी नवी जाती म्हणून नोंदली गेली. आमची रजा मुन्नारलाच संपली, त्यामुळे ती पाहायची राहिली आहे.