फ्रीझरच्या तळाचा बर्फ आणि ‘गॅस भरावा लागेल’

खालचा ड्रॉवर एका सकाळी उघडेना. जोर लावून ओढला, तर तळाशी काचेसारखा बर्फाचा थर, बोटभर जाड. फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री. बर्फ काढायचा नाही म्हणूनच तो घेतला होता. तो थर वितळवला, पुसला आणि दहा दिवसांत तिथेच परत जमला.

तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला, ‘उद्या सकाळी’ असा निरोप आला आणि मी घरी थांबले. उद्या कोणी आलं नाही, परवाही नाही. पाचव्या दिवशी टेक्निशियन आला, दार उघडून वाकून बघितलं आणि दोन मिनिटांत म्हणाला, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ मीटर लावला नाही, मागचं पॅनेल उघडलं नाही. मी म्हटलं, आत थर्मामीटर ठेवलाय, उणे १८ दाखवतोय. गॅस कमी असता तर इतकी थंडी कशी राहिली असती? त्यावर उत्तर नव्हतं. ‘मग वरच्यांना विचारतो,’ म्हणून तो गेला.

दुसरी तक्रार, दुसरा माणूस, तेच वाक्य. तिसऱ्या वेळी फोनवरच. प्रत्येक वेळी नवा क्रमांक, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायचं. पंधरवडा असा गेला. याचा राग अजून गेलेला नाही, कारण गॅस हे काही दर वर्षी भरायचं इंधन नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरला तर पुन्हा जाणारच. हे ग्राहकाला माहीत नसतं, म्हणून ते वाक्य खपतं. तुम्हाला कोणी असं म्हणालं, तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा.

शेवटी सोबत आलेली पुस्तिका काढली आणि यंत्र चालतं कसं ते नीट वाचलं. फ्रीझरच्या आत, मागच्या पॅनेलआड गॅसच्या नळ्यांची थंड कॉइल असते. तिच्यावर दव गोठतं, आणि ते वितळवायला ठरावीक वेळाने एक हीटर चालू होतो. पाणी खालच्या छिद्रातून नळीने कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. ते छिद्रच तुंबलं, तर पाणी जाणार कुठे? आत सांडतं आणि तळाशी गोठतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

मग मीच केलं. आधी प्लग काढला. याआधी कशालाही हात लावू नका. सामान जाड ब्लँकेटमध्ये एकत्र गुंडाळून ठेवलं. पॅनेलचे स्क्रू काढले, पण ते ओढताना सावकाश, पंख्याची वायर त्याला जोडलेली असते. छिद्राच्या तोंडाशी बर्फाचा खडा आणि पिशवीच्या प्लास्टिकचा एक तुकडा होता. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडत राहिले. उकळतं पाणी नको, प्लास्टिक तडकतं. वीसेक मिनिटांनी मागच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोचू नका. कॉइलला भोक पडलं तर खरोखरच गॅस जाईल, आणि नव्या फ्रीझरमध्ये बहुतेकदा आर-६००ए नावाचा गॅस असतो, तो ज्वालाग्राही आहे.

दाराचं रबरही त्याच दिवशी तपासलं. कागद दारात धरून बंद करायचं आणि ओढायचं. सहज निसटला तर तिथून दमट हवा आत शिरते आणि दव वाढतं. आमचं एका कोपऱ्यात सैल होतं. साबणाच्या पाण्याने पुसल्यावर नीट बसलं, चिकटलेली घाणच आडवी येत होती. आणि हो, मागच्या भिंतीला सामान टेकवू नका, हवा फिरली पाहिजे.

तीन आठवडे झाले, तळ कोरडा आहे. पहिली तक्रार त्यांच्याकडे अजूनही ‘प्रलंबित’ दिसते.