उलट बाजूच नसलेली टोपी

७ जानेवारी, रात्रीचे साडेअकरा

झाली एकदाची बाबांची क्रोशाची टोपी. आत्ता मांडीवरच आहे, दोन ओळी लिहिते की परत उचलून बघते, आतून, बाहेरून, परत आतून.

का करायला घेतली ते आधी लिहून ठेवते. बाबा पहाटे साडेपाचला उठतात, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्याला जानेवारीतलं धुकं काय ते सांगायला नको, समोरच्या घराचा दिवा दिसत नाही, तरी हे फूलबागेत राणी लक्ष्मीबाईच्या समाधीपर्यंत जाऊन येणारच. आईची झोपमोड नको म्हणून लाइट लावत नाहीत, अंधारातच चाचपडत स्वेटर, मफलर, टोपी. आणि टोपी हमखास उलटी. आधी आम्ही हसायचो, मग काचबिंदू निघाला, कडेचं दिसणं कमी झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून घरात कुणी हसत नाही. मागच्या महिन्यात फिरायला येणाऱ्या कुणीतरी त्यांना टोकलं, 'भाईसाहब, टोपी उल्टी है'. घरी येऊन काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी टोपी न घालताच गेले. एवढ्या थंडीत. मला त्या दिवशी कामात लक्षच लागेना.

व्यापार मेळ्यात जाऊन शोधलं आधी. १९०५ पासून भरतोय आपला मेळा, आत्याची क्रोशाची पहिली सुईसुद्धा तिथलीच, लोकरीचं तिथे काय मिळत नाही, दोन्हीकडून घालायच्या टोप्याही होत्या, पण त्या दोन पदरी, आतला पदर सरकतो आणि कानाशी गोळा होतो, बाबांना ते अजिबात चालणार नाही. म्हटलं आपणच करू.

रंगावरून थोडं झालं. बाबांना मळखाऊ हवा होता, काळा नाहीतर गडद निळा, पण गडद लोकरीत रात्री टाके दिसत नाहीत आणि वीण उठूनही दिसत नाही, शेवटी राखाडीवर तडजोड. दोन गुंडे, पाच नंबरची सुई. बाबांचं डोकं ५७ सेंटीमीटर भरलं, टोपी ५३ची धरली, कारण विणकाम ताणतं, डोक्याएवढीच केली तर चार दिवसांत डोळ्यांवर येते.

वीण घेतली ती लेमन पील म्हणतात ती, हात फिरवला की खरंच लिंबाच्या सालीसारखी खडबडीत लागते. करायला अगदी सोपी, एक मुका खांब म्हणजे बुटका टाका, एक उभा खांब म्हणजे उंच टाका, एक मुका, एक उभा, आणि पुढच्या फेरीत मुक्यावर उभा, उभ्यावर मुका. बुटका उंचाला खाली खेचतो, त्याचे बारीक दाणे उठतात. दोन्ही बाजूंनी सारखेच दाणे.

निदान मला तसं वाटत होतं. वरून सुरू केली, १२ खांब, मग दर फेरीला १२ वाढवत ७२, मग वीण चालू, गोल गोल गोल, ऑफिसहून आल्यावर रोज तासभर, चार दिवसांत निम्मी झाली, खूश होऊन आत्याकडे दौलतगंजला घेऊन गेले. आत्याने हातात घेतली आणि बाहेरून बघितलीच नाही, आधी उलटी केली. ती सगळ्यांचंच काम असं बघते, रुमाल असो, तोरण असो. म्हणाली, "काय गं, ही बाजू वेगळी दिसतेय."

वेगळी होतीच. क्रोशाच्या टाक्याला पुढचं तोंड असतं आणि मागची पाठ असते. गोल विणत गेलं की सगळी तोंडं बाहेर आणि सगळ्या पाठी आत. सरळ पट्टीत दर ओळीला काम फिरवतो म्हणून तोंड-पाठ, तोंड-पाठ असं आपोआप मिसळतं, गोलात ते मुद्दाम करावं लागतं, फेरी संपली की जोडायची आणि काम फिरवून उलट दिशेने परत यायचं. हे मला माहीत असायला हवं होतं, मी रुमाल इतके केलेत, पण रुमालाची मागची बाजू कुणी डोक्यावर घालत नाही. आणि कड दुमडली की आतलीच बाजू कपाळावर येते, म्हणजे चूक नेमकी सगळ्यांच्या समोर.

उसवली. आत्या म्हणाली राहू दे, कळणार नाही कुणाला. मी म्हटलं, आत्या, याच्यासाठीच तर करतेय. मग तिनेच गुंडा धरला आणि मी ओढत गेले, क्रोशाचं बरं असतं, एकच टाका सुईवर, तो सोडला की सगळं सरसर सुटतं, पाच मिनिटांत चार दिवस परत गुंड्यात.

दुसऱ्यांदा कळसापासूनच दर फेरीला फिरवली. मध्ये एकदा ७१ झाले, एक टाका कुठेतरी सुटला, आणि या विणीला सम संख्याच लागते, नाहीतर फेरी जुळते तिथे मुक्यावर मुका येतो, परत दोन फेऱ्या मागे. आता मोजते, प्रत्येक फेरी. जोडाची रेघ सरळ खाली आलीय, दोन्हीकडून सारखीच पुसट. लोकरीची टोकं दडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आत बाजूच नाही दडवायला, टाक्यांच्या जाडीतूनच सुई नेली, एकदा पुढे, एकदा मागे, परत पुढे, मग कापली.

८ जानेवारी, सकाळ

रात्री खुंटीवर मफलरसोबत अडकवून ठेवली होती, मुद्दाम कुठलीही बाजू बाहेर न बघता. साडेपाचला कडी वाजली, मी जागीच होते.

सातला परत आले, टोपीवर दवाचे थेंब. आईने चहा दिला. बाबांनी टोपी काढली आणि विचारलं, "सुलट घातली होती ना गं?"

मी म्हटलं, तुम्हीच बघा.

त्यांनी आत हात घातला, मग बाहेरून बोटं फिरवली, मग परत आतून, कड उलगडली, दुमडली, दुसऱ्या बाजूने दुमडली. चहावर साय धरली तरी चाललंच होतं.